अर्ध्यात असलेलं पुस्तक चारचौघांत कसं सांगायचं

"सध्या काय वाचतेयस?" असं कुणी विचारलं की आपण पुस्तकाचं नाव सांगतो, "छान आहे गं" म्हणतो आणि विषय संपतो. मला याची खरंच हळहळ वाटते, कारण पुस्तक अर्ध्यात असतानाच माणसाकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं. वाचून संपलं की मत तयार होतं, मग मतच ऐकायला मिळतं, पुस्तक नाही. आम्ही सहा-सात जणं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि जे चालू आहे तेच सांगतो. तीनेक वर्षांत जे जमलं ते लिहितेय, तुम्हाला घरी किंवा सोसायटीत सुरू करायचं असेल तर उपयोग होईल.

आमची एकच अट आहे, पुस्तक संपलेलं नको. खूण घातलेलं, पान दुमडलेलं, किंडलवर चाळीस टक्के झालेलं, कसंही चालेल. आणि सुरुवात पान नंबरपासून करायची. "मी 112 व्या पानावर आहे" म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं की हिला पुढचं माहीत नाही, त्यामुळे ज्यांनी आधी वाचलंय तेही जपून बोलतात. ज्यांचं वाचून झालंय त्यांनी पुढचं काही फोडायचं नाही, फार तर "वाच, वाच" एवढं म्हणायचं.

मग गोष्ट सांगायची नाही. हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला सवयच असते "तर एक मुलगी असते" पासून सुरू करायची आणि दहा मिनिटं झाली तरी आपण तिच्या लग्नापर्यंतच पोचलेलो असतो. त्यापेक्षा एकच जागा निवडा, जिथे तुम्ही वाचता वाचता थांबलात. माझ्या मावशीने स्मृतिचित्रे, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, सुरू केलं तेव्हा तिने त्यांचं आयुष्य वगैरे काहीच सांगितलं नाही, फक्त त्यांच्या वडिलांचं सोवळं सांगितलं, म्हणजे घरात मीठसुद्धा धुवून घ्यायचं! मावशी म्हणाली, मी कालपासून ओट्यापाशी उभी राहून विचार करतेय की मीठ धुतलं तर उरेल किती, आणि ते धुणाऱ्या बाईचं काय होत असेल. बास, एवढंच. त्या एका मिठावरून आम्ही अर्धा तास बोललो, आणि तिघींनी ते पुस्तक वाचायला घेतलं.

जागा निवडली की ती मोठ्याने वाचा, अर्धं पान पुरे. पण घरी दोनदा वाचून बघा, विशेषतः जुनं मराठी असेल तर, कारण लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा ते आधी कळत नाही आणि मग ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. आवृत्ती कुठली तेही सांगा. हे आम्ही गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या प्रवासवर्णनावरून शिकलो. दोघांकडे तेच पुस्तक आणि वाक्यं जुळेनात! ते पुस्तक 1907 साली पहिल्यांदा छापलं तेव्हा संपादक चिं. वि. वैद्यांनी मजकुरात फेरफार केले होते, मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती नंतर आली, आणि आमच्याकडे दोन्हींची एक-एक प्रत होती. त्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं, फार मजा आली.

आणि त्याच बैठकीत अजून एक झालं. वरसईचे हे गोडसे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेला निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले, हे आमच्यातले एक काका सांगत होते, तर मावशी एकदम म्हणाली, अहो थांबा, लक्ष्मीबाई टिळकांच्या आजोबांना फाशी झाली तीसुद्धा सत्तावन्नच्याच प्रकरणात आणि वडिलांचं ते सोवळ्याचं वेड तिथूनच सुरू झालं. दोन वेगळी पुस्तकं, एक झाशीपर्यंत गेलेलं आणि एक नाशिकजवळच्या जलालपूरच्या स्वयंपाकघरातलं, आणि एकच साल. सगळ्यांचं वेगवेगळं पुस्तक अर्ध्यात असेल तरच असं होतं, म्हणून सगळ्यांना एकच पुस्तक ठरवून देऊ नका, ज्याला जे वाचायचंय ते वाचू द्या.

आवडत नसलेलं पुस्तकही आणायचं. फक्त "बोअर आहे" म्हणून सोडायचं नाही, कुठल्या पानावर कंटाळा आला ते दाखवायचं. बऱ्याचदा बाकीच्यांना ते पान वाचून कळतं की इथे लेखकाचं चुकलंय का आपण दमलेलो होतो. सोडून द्यायचं असेल तर खुशाल द्या, कुणी विचारणार नाही.

वेळ प्रत्येकाला दहा मिनिटं, घड्याळ लावून. खाणं शेवटी, आधी फक्त चहा, कारण प्लेटा फिरायला लागल्या की जो बोलत असतो त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि त्याला वाईट वाटतं. ऐकणाऱ्यांनी "आवडलं का?" हा प्रश्न टाळावा, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. "पुढे काय होईल असं वाटतंय?" हे विचारा, माणूस लगेच खुलतो, आणि पुढच्या महिन्यात त्याचा अंदाज बरोबर निघाला का ते ऐकायला सगळे येतात.

एक वही ठेवा. तारीख, कोण, कुठलं पुस्तक, कितवं पान, एवढं एका ओळीत. पुस्तकं उसनी दिली-घेतली तर तेही त्याच ओळीत. आमच्या वहीत काकांच्या नावापुढे एकच पुस्तक सलग पाच महिने आहे, पान 40, 61, 61, 75, 130. त्या दोन 61 च्या मध्ये काकू हॉस्पिटलमध्ये होत्या. त्या महिन्यात काकांनी काही सांगितलं नाही, फक्त तेच 61 वं पान परत वाचून दाखवलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.