मधुमेहातील पायांची नियमित तपासणी : या चुका टाळा

पायांच्या तपासणीला निघताना बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की पाय दुखत नसताना डॉक्टरांना दाखवायचे काय? ही सर्वांत मोठी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या नसा बोटांच्या टोकांपासून वरच्या दिशेने हळूहळू बधिर होत जातात आणि मग चपलेत अडकलेला खडा, नव्या बुटाने आलेला फोड किंवा भाजल्याची जखम यांपैकी काहीच जाणवत नाही. जी जखम दुखत नाही तिच्यावर माणूस चालत राहतो आणि ती खोल होत जाते. म्हणूनच टाइप २ मधुमेहात निदान झाल्यापासून आणि टाइप १ मध्ये निदानानंतर साधारण ५ वर्षांनी, कोणतीही तक्रार नसली तरी, वर्षातून किमान एकदा ही तपासणी करून घ्यावी लागते. तिला काही मिनिटेच लागतात आणि ती वेदनादायक नसते.

दुसरी चूक तपासणीला जाण्यापूर्वीच होते. पाय नीटनेटके दिसावेत म्हणून आदल्या दिवशी घट्टे किंवा कुरूप ब्लेडने तासू नयेत, कारण घट्टा नेमका कोठे आहे यावरून तळव्याच्या कोणत्या भागावर जास्त दाब पडतो ते तपासणाऱ्याला कळते; शिवाय बधिर पायावर ब्लेड चालवणे धोक्याचे असते. नखांवर रंग असल्यास तो काढून जावे. रोज वापरातली पादत्राणे घालून जावे, ठेवणीतली नव्हे, कारण चपलेचा तळ कोठे झिजला आहे आणि बूट बोटांना आवळतो का, हेही तपासणीत पाहिले जाते. पायाला पूर्वी कधी व्रण झाला असेल, बोट काढावे लागले असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा थोडे चालल्यावर पोटऱ्या भरून येत असतील, तर विचारण्याची वाट न पाहता ते आधी सांगावे.

संवेदनेच्या चाचणीत होणारी चूक मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. या चाचणीत मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा तंतू वापरतात. १० ग्रॅमचा भार पडला की तो वाकतो. आधी तो हाताला लावून दाखवतात आणि मग डोळे मिटायला सांगून अंगठा व चवड्याच्या ठरावीक जागी टेकवतात. अनेक रुग्ण भिडेपोटी किंवा ‘नापास’ होण्याच्या भीतीने अंदाजाने ‘हो’ म्हणतात, काही जण हळूच डोळे उघडून पाहतात. अशा अंदाजी उत्तरांची शक्यता गृहीत धरूनच प्रत्येक जागी एकदा, तंतू न लावताच, ‘जाणवले का?’ असे विचारण्याची पद्धत आहे. तरीही जे जाणवले नाही ते नाहीच सांगावे. येथे चुकीच्या ‘हो’मुळे बधिर पाय निरोगी ठरू शकतो आणि त्याचे परिणाम केवळ रुग्णाला भोगावे लागतात. १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात तेव्हाही हीच काळजी घ्यावी. धातूचा थंड स्पर्श जाणवणे वेगळे आणि कंप जाणवणे वेगळे. विचारलेले असते ते कंपाबद्दल.

पाय उबदार आहेत म्हणजे रक्तपुरवठा चांगला आहे, असे समजू नये. पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतील बाजूची नाडी बोटांनी चाचपली जाते. ती नीट लागली नाही तर घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी आल्यास पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका येते. परंतु मधुमेहात धमन्या कडक होत असल्याने हा आकडा खोटा वाढूनही येतो, आणि अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजणे अधिक भरवशाचे ठरते.

तपासणी ठीक आली की वर्षभर पायांकडे पाहायचेच नाही, ही चूकही तितकीच घातक आहे. संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी आढळल्यास पुढची तपासणी काही महिन्यांतच करावी लागते, आणि पूर्वी व्रण झालेल्यांना तर १ ते ३ महिन्यांनी बोलावले जाते. तेव्हा आपला धोका कोणत्या पातळीवर आहे आणि पुन्हा कधी यायचे, हे विचारल्याशिवाय उठू नये. मधल्या काळात तळवे व बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात, खाली वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. मलम टाचांना लावावे, बेचक्यांत नको, कारण तेथील ओलाव्यामुळे चिखल्या होतात. गरम पाण्यात पाय शेकणे आणि कुरूप जाळणाऱ्या औषधी पट्ट्या स्वतःच लावणे, या दोन्हींमुळे न कळत जखमा होतात.

फोड, जखम, स्राव किंवा काळी पडलेली त्वचा दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. एकच पाय अचानक सुजून लाल आणि दुसऱ्यापेक्षा गरम झाला, तर तो दुखत नसला तरी मुरगळला असेल म्हणून सोडून देऊ नये. बधिर पायातील हाडे व सांधे खचू लागल्याचे ते लक्षण असू शकते. डॉक्टरांनी पाहेपर्यंत त्या पायावर भार देऊ नये.