आजोबांच्या आठवणी लिहून काढायच्या असतील तर

आमचे आजोबा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. लहानपणी भाटकाराची (जमीनमालकाची) गुरं राखली, मग खाणीवर टोपलीने खनिज वाहिलं आणि त्याच पैशातून दोन बहिणींची लग्नं आणि चार पोरांची शिक्षणं केली. ते जाऊन तीन वर्षं झाली, मी त्यांच्याबद्दल लिहायला घेतलंय आणि ते असताना फोनवर केलेल्या एकाच रेकॉर्डिंगवर सगळं उभं आहे. म्हणून ज्यांचे आजोबा अजून सोप्यावर बसलेले दिसतात त्यांनी या चतुर्थीला घरी गेलात की हे कराच.

"आजोबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना" असं अजिबात विचारू नका. मी विचारलं होतं, उत्तर आलं "कितें सांगूं बाय, कश्ट केले, जालें." हालात दिवस काढलेली माणसं हालांबद्दल बोलत नाहीत, त्यांना ते मागितल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा वस्तू विचारा. मजुरी किती, पेजेबरोबर तोंडी लावायला काय असायचं, पावसात डोक्यावर काय घ्यायचात. मी सहज विचारलं की पहिली चप्पल कधी घेतली, आणि आजोबा ४० मिनिटं बोलले. चप्पल स्वतःच्या लग्नाला घेतली होती, पण वाटेत चिखल म्हणून मांडवापर्यंत हातात धरून नेली, बाहेर विहिरीवर पाय धुतले आणि मग घातली, आणि नवी असल्यामुळे इतकी चावली की सप्तपदी लंगडत झाली (चप्पल काढली तरी फोड होतेच ना). हे मला "आयुष्याबद्दल सांगा" म्हणून कधीच मिळालं नसतं.

वर्षांचा घोळ होणारच. आजोबांना जन्मसाल माहीत नव्हतं, ते म्हणायचे "गोंय सुटलें तेन्ना म्हाका मिशी फुटताली". गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, म्हणजे जन्म साधारण १९४५ च्या आसपासचा. असंच सगळं बांधत जायचं, ओपिनियन पोल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचं मतदान) १९६७ चा, मांडवीचा पूल पडला जुलै १९८६ मध्ये. आमच्या आत्याचं लग्न "पूल पडलो त्याच्या आदल्या वर्सा", झालं, १९८५. साल विचारू नका, तेव्हा काय घडलं होतं ते विचारा.

मग कागद. पोर्तुगीज काळातला जन्मदाखला मिळाला तर तो पोर्तुगीजमध्ये असेल आणि आडनाव ओळखू येणार नाही, नाईकच्या शेवटी के ऐवजी क्यू-यू-ई, श च्या जागी एक्स. नाव सापडत नाही म्हणून परत येऊ नका, असं स्पेलिंग करून परत शोधा. घर भाटकाराच्या जमिनीत असेल तर १९७५ च्या मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) कायद्याखाली मामलेदाराकडे केलेल्या अर्जाचे कागद ट्रंकेत असतात, ते नीट वाचा. आमच्या आजोबांचा अंगठा आणि नंतरच्या कागदावरची सही, दोन्ही तिथेच सापडली. मधल्या काळात ते बाबांच्या पाटीवर लिहायला शिकले होते, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, आपल्याकडच्या दमट हवेत हे हमखास होतं आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. फ्लॅश बंद करून खिडकीजवळ थोडा तिरका धरून काचेवरूनच फोटो घ्या.

लिहिताना त्यांचं बोलणं शुद्ध मराठीत बदलू नका. आपण घरात लिहितो मराठी पण आजोबा बोलायचे कोंकणीत, ते वाक्य तसंच ठेवा. आणि अडचणीच्या गोष्टी गाळू नका, भाटकाराकडे मागच्या दारी बसून जेवायचे हे लिहायचं की नाही यावरून आमच्या घरात वाद झाला, काकांना नको होतं. मी लिहिलंय. ते गाळलं तर स्वतःच्या घरात सगळ्यांना एका पंगतीला बसवूनच ते का जेवायचे हे पुढच्या पोरांना कळणार नाही.

रेकॉर्डिंग करताना फोन तोंडासमोर धरू नका, बाजूला ठेवून द्या आणि झाल्यावर लगेच दोन जागी कॉपी करा. मागचे आवाज कापू नका. आमच्यात पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) पों पों आहे, कुकरची शिट्टी आहे, आणि अगदी शेवटी आजी आतून ओरडते "पेज निंवता!" आणि आजोबा म्हणतात "आयलों गो". आजी अजून आहे. ती सगळं ऐकत नाही, तेवढंच परत लाव म्हणते.