न दिसणाऱ्या मामींचे टिपण कसे काढावे

नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या वाचनमंडळात या वेळी जेन ऑस्टेनची ‘एमा’ आहे आणि माझ्या वाट्याला मिसेस चर्चिल आल्या आहेत. 1815 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत त्या एकाही दृश्यात येत नाहीत, तरी त्यांनी वाढवलेल्या तरुण फ्रँक चर्चिलचे येणे-जाणे त्यांच्याच मर्जीवर चालते. अशा पात्राचे टिपण काढण्याची माझी रीत येथे देतो.

आधी नाते निश्चित करावे. इंग्रजीत ‘आँट’ म्हटले की भागते. पण फ्रँकची आई चर्चिल घराण्यातली आणि त्याला वाढवले तिच्या भावाने, म्हणजे या बाई त्याच्या मामी होत.

मग वहीत चार रकाने आखावेत: काय सांगितले, कोणी सांगितले, त्याला ते कसे कळले आणि तसे सांगण्यात कोणाची सोय होती. उदाहरणार्थ, मामींना इतका अशक्तपणा आला आहे की नवरा आणि भाचा या दोघांचे हात धरल्याशिवाय घरच्या काचगृहापर्यंतही जाता येत नाही, आणि तरीही वाटेत दोनच मुक्काम करून त्या लंडनला निघाल्या आहेत, असे फ्रँकचे वडील मिस्टर वेस्टन गावच्या पाद्र्याच्या बायकोला, मिसेस एल्टनला, सांगतात. यॉर्कशरातील एन्स्कोमहून लंडन सुमारे 190 मैल! येथे ‘ढोंगी’ असा शेरा मारण्याचा मोह होतो. परंतु अशक्तपणाची बातमी फ्रँकच्या पत्रातून वेस्टनकडे आणि त्यांच्याकडून आपल्याकडे आली आहे, हे तिसऱ्या रकान्यात लिहावे.

चौथा रकाना भरताना घाई करू नये. आमच्या महाल भागातल्या वाड्यात ‘मोठ्या काकूंना चालणार नाही’ एवढे म्हटले की नको असलेले कुठलेही आमंत्रण टळत असे, आणि काकूंना त्याचा पत्ताही नसे. मीही ही युक्ती पुष्कळदा वापरली आहे. फ्रँक वडिलांना भेटायला येण्याचे लांबवतो तेव्हाही मामींचेच नाव पुढे होते, मात्र वेमथला, समुद्रकाठी हवा खायला, जायला त्याला सवड मिळाली होती, हे एमाचे जुने स्नेही मिस्टर नाइटली बरोबर हेरतात.

निवेदिका स्वतः जे सांगते ते वेगळ्या शाईने लिहावे. मामींचा मुक्काम असलेल्या, लंडनजवळच्या रिचमंडला फ्रँक परतल्यावर 36 तासांच्या आत मामी अचानक वारतात. किमान 25 वर्षे नावडत्या असलेल्या या बाईंविषयी लोक आता हळहळतात आणि त्यांचे आजारपण खरे होते, हेही मान्य करतात. पहिल्या वाचनात मी ‘ढोंगी’ असे पेनने लिहून ठेवले होते, तेव्हापासून मी पेन्सिल वापरतो.

शेवटी, फ्रँकने जेन फेअरफॅक्स या तरुणीशी गुपचूप ठरवलेल्या लग्नाला मामींनी दिलेला नकार शोधावा. मामींच्या पश्चात मामा सहज होकार देतात. मामींचा नकार मात्र कोठेही सापडत नाही, कारण फ्रँकने त्यांना कधी विचारलेलेच नसते. ती ओळ कोरी ठेवावी.