शब्दसाहचर्य चाचणी घेताना या चुका टाळा

शब्दसाहचर्य चाचणीत एक शब्द देऊन त्यावरून काय सुचतं ते विचारतात. ‘रात्र’ म्हटलं की बहुतेकांना ‘दिवस’ सुचतो. साहचर्य घट्ट आहे म्हणजे अर्थही जवळचे, असं इथे नोंदवलं जातं आणि पहिली चूक होते. रात्र-दिवस विरुद्धार्थी आहेत. ‘सुई’ला ‘दोरा’ येतो तो सोबतीमुळे, ‘वारा’ला ‘तारा’ येतो तो निव्वळ नादाने. मनातल्या शब्दकोशातले हे वेगवेगळ्या जातीचे धागे आहेत. त्यामुळे आकडेमोडीआधी प्रत्येक प्रतिसादाला वर्ग द्या: अर्थाचा, सोबतीचा, नादाचा. हे काम दोघांनी स्वतंत्रपणे करावं आणि मतभेद झालेले शब्द शेवटी एकत्र बसून तपासावेत. लहान मुलं आणि मोठी माणसं एकाच यादीत मिसळू नका. मुलांमध्ये सोबतीचे प्रतिसाद जास्त असतात.

सूचनेची वाक्यरचना अनेकांना किरकोळ वाटते, पण ती निकाल बदलते. ‘पहिला सुचेल तो शब्द’ म्हटलं तर नादाचे शब्दही येतात, ‘अर्थाने जोडलेला शब्द’ म्हटलं तर ते गळतात. एका अभ्यासात एकच सूचना ठेवा आणि ती शब्दशः नोंदवा.

एका शब्दाला तीन प्रतिसाद मागितले की साखळी लागते. ‘समुद्र’ला ‘मीठ’, मग ‘साखर’. ही साखर समुद्राची नाही, मिठाची आहे! दिलेला शब्द शेवटपर्यंत पडद्यावर ठेवा, आणि पहिल्या प्रतिसादांचा हिशेब वेगळा करा. ‘स्मॉल वर्ल्ड ऑफ वर्ड्स’ या शब्दसाहचर्य गोळा करणाऱ्या प्रकल्पातही तीन प्रतिसाद घेतात, पण पहिला, दुसरा, तिसरा असे वेगळे नोंदवतात. त्याच्या 2019 मधल्या इंग्रजी संचात 12,000 हून अधिक शब्द आहेत. वीस-पंचवीस जणांवरून टक्केवारी काढू नका. चार जणांचं उत्तर बदललं तरी क्रम उलटतो. शब्दामागे शंभर जण असावेत.

दिशा विसरू नका. ‘करकोचा’ला ‘पक्षी’ सहज येतो, ‘पक्षी’ला ‘करकोचा’ क्वचितच. शंभरपैकी 60 जणांनी ‘पक्षी’ म्हटलं तर साहचर्याचं बळ 0.60, पण ते एकाच दिशेचं. उलट बाजू वेगळी मोजा, दोन्हींची सरासरी काढू नका.

मराठीत आणखी एक घोळ होतो. ‘मान’ला कुणी ‘गळा’ लिहितं, कुणी ‘सन्मान’. एका शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, त्यांचे प्रतिसाद वेगळे मोजा. ‘पाणी’, ‘पाण्यात’, ‘पाण्याचा’ हे मात्र मोजणीपूर्वी मूळ रूपात आणा, नाहीतर एकच प्रतिसाद तीन तुकड्यांत विखुरतो. मूळ नोंदी पुसू नका. शेजारी नवा रकाना करा.

वेळ मोजत असाल तर शब्द दिसल्यापासून पहिली कळ दाबेपर्यंतची घ्या. पूर्ण शब्द टंकून होईपर्यंत मोजली, तर त्यात जोडाक्षरं लिहिण्याची कसरतही धरली जाते.