पत्रा दुकानातच गंजतो: जस्ती पत्रा घेताना या चुका टाळा

सोलापूरची हवा पत्र्याला मानवते. समुद्र लांब, पाऊस बेताचा, वर्षातले बरेच महिने कोरडे ठणठणीत. बरा जस्ती पत्रा इथं उघड्यावर वीस वर्षं सहज काढतो. तरी दरवर्षी मृग तोंडावर आला की अक्कलकोट रोडवरच्या माझ्या वर्कशॉपात कुणी ना कुणी येतंच, 'तीनच वर्षं झाली हो, गळायला लागला' म्हणत. बिल मागितलं की त्यावर एवढंच असतं: '२४ गेज पत्रा'. घोळ तिथूनच सुरू होतो.

गेज म्हणजे जाडी, आणि तीही धड नव्हे. एका तक्त्यात २४ गेज म्हणजे ०.५६ मिमी, अमेरिकन जस्ती पत्र्याच्या तक्त्यात ०.७० मिमी, आणि दुकानदाराच्या तोंडी २४ गेज म्हणजे गोदामात असेल तो. म्हणून मिलिमीटरमध्ये मागा, आणि ती जाडी जस्तासकट की नुसत्या लोखंडाची, हेही विचारा. शंका आली तर सरळ काट्यावर टाका. लोखंडाचा १ मिमी जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. त्या हिशेबानं आठ बाय चार फुटांचा ०.५० मिमीचा सपाट पत्रा साडेअकरा किलोच्या आसपास भरला पाहिजे. काटा साडेदहावर थांबला, तर तुमच्या हातात ०.४५चा पत्रा आहे.

पण आयुष्य ठरवतो तो जस्ताचा थर, आणि तो ग्रॅममध्ये मोजतात. आयएस २७७ या जस्ती पत्र्याच्या भारतीय मानकात १२०, २७५ असे आकडे असतात, ते एका चौरस मीटरवरचे दोन्ही बाजू मिळून ग्रॅम. २७५ म्हणजे एका बाजूला जेमतेम १९ मायक्रॉन, १२० म्हणजे आठ-साडेआठ. चकाकी दोघांची सारखीच, डोळ्यांना फरक कळत नाही. जाडी सारखी ठेवून जस्त निम्म्याहून कमी केलं की भाव खाली येतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. तेव्हा बिलावर ग्रॅम लिहून घ्या आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा. पत्र्यावरचा शिक्का आणि बिल जुळतंय का, तेही तिथंच पाहा.

आता माझीच एक चूक सांगतो. एका डाईंगवाल्याच्या शेडला मी २७५ ग्रॅमचा पत्रा छातीठोकपणे लावून दिला. तिसऱ्या वर्षी वर चढून पाहिलं तर पत्रा नव्यासारखा. खाली उतरून मान वर केली, तर हौदांच्या बरोबर वर पोपडेच पोपडे, आणि स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार. पाऊस बिचारा निर्दोष होता. कॉस्टिक सोडा (तीव्र अल्कली) आणि ब्लीचची वाफ दिवसभर वर जाऊन पत्र्याला चिकटत होती. जस्ताला आम्ल सोसत नाही, तसा तीव्र अल्कलीही सोसत नाही. तिथं ग्रॅम वाढवून उपयोग नव्हता. आधी एक्झॉस्ट बसवले, मग हौदांवरच्या पट्ट्यात फायबरचे पत्रे घातले. तेव्हापासून भाव सांगण्याआधी मी एकच विचारतो: पत्र्याखाली काय चालणार आहे?

मोहोळकडच्या माझ्या मेव्हण्यानं उलटी गंमत केली. 'चांगल्यातला' म्हणून गोठ्याला गॅल्व्हल्यूम घातलं. त्या थरात ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त. मोकळ्या छपराला ते जस्ती पत्र्याहून सरस, यात वाद नाही. पण शेण-मुताचा अमोनिया ॲल्युमिनियमला खातो, आणि ओला सिमेंट-गिलावाही त्याला चालत नाही. गोठ्याला आधी वारा खेळायला छपराखाली मोकळी फट ठेवा, मग पत्र्याचं बोला.

वाकवण्याच्या कामात वेगळीच फसगत होते. छपराचा पत्रा मुद्दाम कडक केलेला असतो. उरलेल्या तुकड्यांतून धान्याची पेटी करायला घ्याल, तर घडीवर तडकतो आणि जस्तही सुटतं. पेटी, डक्ट, पन्हळ यांना मऊ, घडी घेणारा जीपी, म्हणजे सपाट जस्ती पत्रा, मागा. आणि पातळ पत्र्याची वस्तू आधी बनवून मग गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला, पाठवू नका. जस्ताची कढई ४५० अंशांच्या आसपास असते, पत्रा पापडासारखा वळून येतो. जाड अँगल-प्लेटला मात्र तीच पद्धत योग्य, पण दोन पथ्यं पाळा. बंद पाइपला भोक पाडा, नाहीतर आतली हवा-पाणी तापून कढईत स्फोट होतो. आणि लोखंडातलं सिलिकॉन पाहून घ्या. ते साधारण ०.०४ ते ०.१४ टक्क्यांच्या पट्ट्यात असलं की थर जाड, राखाडी, खडबडीत चढतो. पुण्याकडे पाठवलेलं एक गेट असंच परत आलं होतं, अर्धं चकचकीत, अर्धं राखेसारखं. गॅल्व्हनायझिंगवाल्याशी भांडून झाल्यावर कळलं, दोन वेगवेगळ्या लॉटचं लोखंड मीच जोडलं होतं.

नव्या पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसली की लोक 'डुप्लिकेट माल' म्हणून ओरडतात. बहुतेक वेळा थप्पीत पाणी शिरलेलं असतं, कारण ताडपत्री घट्ट बांधून आत ओल कोंडलेली असते. थप्पी लगेच सोडा, पत्रे तिरके उभे करून वाळवा, नायलॉनच्या ब्रशनं घासा. तारेचा ब्रश नको, तो उरलेलं जस्तही काढतो.

छपरावर ग्राइंडर चालवू नका. ठिणग्या रंगीत पत्र्यावर रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात. जस्ती पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारलात तर तो वर्षा-दोन वर्षांत सालपटासारखा सुटतो, आधी जस्तासाठीचा प्रायमर लागतो. वेल्डिंगच्या जागचं जस्त आधी घासून काढा. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आमच्याकडे त्यावर दूध पितात. दूध प्या खुशाल, पण मास्क लावून आणि उघड्यावर काम करा. वेल्डिंग झालं की जोडावर झिंक-रिच प्रायमर लावा. पोरं हटकून चांदी रंग फासतात. दिसतं तसंच, पण त्यात जस्त नसतं, ॲल्युमिनियमची पूड असते. दुसऱ्या पावसात नेमका तोच जोड तांबडा पडतो, आणि फोन मला येतो.