रशियाचा आधुनिक इतिहास लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेची मुलं आणि नियतकालिकांसाठी लिहिणारे हौशी अभ्यासक, दोघांचेही रशियावरचे लेख माझ्याकडे तपासायला येतात. मेहनत दिसते, पण पाय घसरायच्या जागा ठरलेल्या असतात. शंभर-सव्वाशे वर्षांत त्या देशाचं कॅलेंडर बदललं, सीमा बदलल्या, रूबलवरची शून्यं उडाली. आणि आपण मात्र ‘रशिया’ हा एकच शब्द सगळ्याला लावत राहतो. म्हणून लेखात तारीख आली की कॅलेंडर कुठलं, ठिकाण आलं की सीमा कुठली आणि पैसा आला की रूबल कुठला, एवढं विचारायची सवय लावून घ्या.

‘बोल्शेविकांनी झारला हटवलं’

ही सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक. झार दुसरा निकोलस पायउतार झाला तो मार्च १९१७ मध्ये. पेत्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग, तेव्हाची राजधानी) पावासाठी रांगा लागल्या होत्या, महिला दिनी कामगार बायका रस्त्यावर उतरल्या आणि पुढे त्यांच्यावर गोळ्या झाडायला पाठवलेले शिपाईच त्यांना येऊन मिळाले. लेनिन तेव्हा झुरिकमध्ये होता. लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने नोव्हेंबरात जे सरकार उलथवलं ते केरेन्स्कीचं हंगामी सरकार होतं. हे दोन टप्पे एकात मिसळले की मधल्या आठ महिन्यांतला सगळा झगडा नाहीसा होतो: युद्ध थांबवायचं की नाही, जमीन शेतकऱ्यांना कधी द्यायची, संविधान सभा कधी भरवायची. त्या सभेची निवडणूक पुढे झाली, तेव्हा सर्वाधिक मतं समाजवादी क्रांतिकारक पक्षाला पडली. बोल्शेविकांना साधारण चौथा हिस्सा मिळाला. जानेवारी १९१८ मध्ये सभा एकदाच भरली आणि बोल्शेविकांनी ती बरखास्त केली. हे वाक्य क्रांतीवरच्या लेखात नसेल तर लेख अर्धाच राहतो.

तारखांचा घोळही इथलाच. बोल्शेविकांनी सत्ता घेतली तो दिवस रशियातल्या जुन्या ज्युलियन पंचांगाने २५ ऑक्टोबर, आपल्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबर. म्हणून ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन नोव्हेंबरात. १९१८ साली कॅलेंडर बदललं आणि ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडली. लेखभर एकच पद्धत ठेवा आणि ती कोणती हे सुरुवातीलाच सांगा.

रशिया आणि सोव्हिएत संघ एकच समजणं

आपल्याकडे ही सवय जुनी आहे. शास्त्रीजींचं निधन ‘रशियात’ झालं असं आजही लिहिलं जातं. ते झालं ताश्कंदमध्ये, आणि ताश्कंद उझबेकिस्तानची राजधानी आहे. राकेश शर्मा १९८४ साली ज्या बैकोनूरहून अवकाशात झेपावले ते कझाकस्तानात आहे. चेर्नोबिल युक्रेनमध्ये. बोलण्यात हे खपून जातं, इतिहासात नाही. दुसऱ्या महायुद्धात मेलेले सुमारे २ कोटी ७० लाख लोक हे सगळ्या सोव्हिएत संघाचे होते. ते सगळे रशियाच्या खात्यावर मांडले तर बेलारूस आणि युक्रेनची राखरांगोळी झालेली गावं पुसली जातात. १९३२-३३ च्या दुष्काळाबद्दलही तसंच: सामूहिक शेतीची सक्ती आणि धान्याची जबरदस्तीची वसुली यांचा सर्वांत भीषण फटका युक्रेन आणि कझाकस्तानला बसला. ‘रशियातला दुष्काळ’ म्हटलं की कोण मेलं हेच हरवतं.

साधा उपाय: डिसेंबर १९२२ ते डिसेंबर १९९१ या काळासाठी ‘सोव्हिएत संघ’ लिहा आणि घटना कुठल्या प्रजासत्ताकात घडली ते जोडा. शहरांचंही तेच. सेंट पीटर्सबर्ग १९१४ पासून पेत्रोग्राड, १९२४ पासून लेनिनग्राड, १९९१ पासून पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. ज्या वर्षाबद्दल लिहिताय त्या वर्षीचं नाव वापरा.

आकडे जुळत नाहीत? रूबल तपासा

विद्यार्थी इथे सर्वांत जास्त अडकतात, आणि दोष पूर्णपणे त्यांचा नाही. १९६१ साली १० जुन्या रूबलचा १ नवा झाला. १ जानेवारी १९९८ ला १००० जुन्यांचा १. म्हणजे १९९७ चा पगार आणि १९९९ चा पगार एकाच तक्त्यात तसेच मांडले तर लोक रातोरात कंगाल झाले असं दिसेल. तीन शून्यं काढून मग तुलना करा.

सोव्हिएत पगाराचे डॉलर करताना दुसरा खड्डा आहे. १९८० च्या दशकात सरासरी पगार महिन्याला सुमारे २०० रूबल. दशकाच्या अखेरचा सरकारी दर एका डॉलरला ६०-६५ कोपेक (१०० कोपेकचा १ रूबल). त्या हिशेबाने माणूस महिन्याला ३०० डॉलरहून जास्त कमावत होता. पण सामान्य माणसाला त्या दराने डॉलर मिळतच नसे, त्यामुळे या हिशेबाला अर्थ नाही. पगार सांगायचा तर त्यात काय येत होतं ते सांगा: घरभाडं नाममात्र, पाव स्वस्त, मोटारीसाठी मात्र वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सोव्हिएत मोजणीत शिक्षण, आरोग्य अशा सेवा धरत नसत, त्यामुळे तो आकडा आजच्या जीडीपीशेजारी ठेवू नका.

आणि ‘१९९१ पर्यंत महागाई नव्हती’ हे विधान तर खोडूनच टाका. किमती सरकारने बांधलेल्या होत्या. महागाई रांगेत दिसत होती, पाटीवर नव्हती. लोकांच्या हाती पैसा, दुकानं रिकामी, साखरेला कूपन. जानेवारी १९९१ मध्ये रात्री दूरचित्रवाणीवर जाहीर झालं की ५० आणि १०० रूबलच्या जुन्या नोटा बाद, बदलायला तीन दिवस. २०१६ ची ती रात्र आठवणाऱ्या आपल्या वाचकाला यावर अधिक समजावावं लागत नाही. २ जानेवारी १९९२ ला तेव्हाचे उपपंतप्रधान गैदार यांनी बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या आणि वर्षभरात त्या सुमारे २६ पट झाल्या. बँकेत आयुष्यभर साठवलेली पुंजी त्यात वितळली. नव्वदच्या दशकाबद्दल तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा राग समजून घ्यायचा तर हा आकडा लक्षात ठेवा.

व्हाउचर वेगळे, ‘कर्जाच्या बदल्यात शेअर’ वेगळे

खाजगीकरण ही एकच घटना नव्हती. ऑक्टोबर १९९२ पासून प्रत्येक नागरिकाला, तान्ह्या मुलालाही, सरकारी कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी १०,००० रूबलचं व्हाउचर मिळालं. महागाईत ते अनेकांनी मिळेल त्या भावाला विकलं. तेलाच्या आणि निकेलच्या सर्वांत मौल्यवान कंपन्या बँकवाल्यांच्या हाती गेल्या त्या मात्र १९९५ च्या अखेरीस: सरकारने बँकांकडून कर्ज घेतलं, तारण म्हणून शेअर ठेवले आणि ते सोडवलेच नाहीत. नोरिल्स्क निकेलचा ३८ टक्के हिस्सा सुमारे १७ कोटी डॉलरला, लिलाव भरवणाऱ्या ओनेक्सिम बँकेच्याच गोटात गेला. दुप्पट बोली लावणाऱ्याला बाद ठरवलं गेलं. ‘ऑलिगार्क (राजकीय वजन असलेले धनदांडगे) व्हाउचरमुळे झाले’ असं लिहिलंत तर हा सगळा व्यवहार वाचकाच्या नजरेतून निसटतो.

‘पुतीन आले आणि अर्थव्यवस्था सावरली’

क्रम तपासा. १७ ऑगस्ट १९९८ ला सरकारने कर्जफेड थांबवली, रूबल कोसळला. आयात परवडेना, म्हणून बंद पडलेले देशी कारखाने पुन्हा धडधडू लागले. १९९९ सालीच वाढ ६ टक्क्यांवर गेली, आणि त्या वर्षी ऑगस्टपर्यंत पंतप्रधानपदी आधी प्रिमाकोव्ह, मग स्तेपाशिन होते. पुढे तेल चढत गेलं, जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलरपर्यंत. १३ टक्क्यांचा सरसकट प्राप्तिकर, तेलाच्या पैशातून २००४ चा स्थिरीकरण निधी, २००६ मध्ये पॅरिस क्लबची (कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाची) मुदतीआधी कर्जफेड, ही पुतीन यांच्या काळातली कामं खरी आहेत, ती लिहाच. पण वाढीच्या आलेखाशेजारी तेलाच्या भावाचा आलेखही ठेवा, आणि तो २००८ वर थांबवू नका: तेल उतरलं आणि जागतिक मंदी आली तेव्हा, २००९ मध्ये, हीच अर्थव्यवस्था जवळजवळ ८ टक्क्यांनी आकसली.