पाकिटामागचं कोष्टक चमच्यांत कसं उतरवावं

बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी पानात मीठ वाढून घेणं सोडलं. आमटी अळणी लागली तरी चकार शब्द काढला नाही. पण सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर वाटीभर फरसाण चालूच होतं, कारण तेही मीठच आहे हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. लालबागच्या आमच्या वाण्याकडून येणाऱ्या त्या पाकिटावर सगळं छापलेलं होतं, इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. नियमाप्रमाणे मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरतो, मराठीची सक्ती नाही. म्हणून पोषणमूल्यांचं ते कोष्टक घरच्या भाषेत आणायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

आधी फोटो काढा. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून मोबाइलवर मोठा करा. पुढच्या बाजूचं 'मल्टिग्रेन', 'बेक्ड' वगैरे सध्या बाजूला ठेवा.

100 ग्रॅमचा रकाना धरा. शेजारी बहुतेक 'पर सर्व्ह', म्हणजे एका वेळच्या वाढणीमागे, असं लिहून दिवसाच्या मर्यादेचे टक्के दिलेले असतात. हे टक्के 2000 कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने काढतात: दिवसाला सोडियम 2000 मिलिग्रॅम, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट 22 ग्रॅम. पण एक 'सर्व्ह' म्हणजे किती, हे कंपनी ठरवते. बाबांच्या फरसाणावर ते 20 ग्रॅम होतं आणि सोडियम 9 टक्के. वाचून बरं वाटलं होतं.

मग आपली वाटी मोजा. वजनकाटा नसला तरी अडत नाही. 200 ग्रॅमचं नवं पाकीट फोडा आणि रोजच्या वाटीने मोजत डब्यात भरा. आमच्याकडे चार वाट्या भरल्या, म्हणजे वाटीला 50 ग्रॅम. बाबा दिवसाला दोन वाट्या खात होते, म्हणजे 100 ग्रॅम. पाकिटावरच्या पाचपट. 9 टक्क्यांचे 45 टक्के झाले. हा आकडा कळला त्या संध्याकाळी मी बराच वेळ तो डबा हातात धरून बसले होते.

सोडियमचं मीठ करा. सोडियम हा मिठातला एक घटक, म्हणून मिठाचं वजन काढायला सोडियमला अडीचने गुणा. 100 ग्रॅम फरसाणात 900 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ. चहाचा सपाट चमचा मीठ सुमारे 5 ग्रॅम भरतं आणि दिवसभराची मर्यादाही तेवढीच. म्हणजे जवळपास अर्धा चमचा नुसत्या फरसाणातून. भाजी, आमटी, लोणचं अजून बाकीच. घटकांत मीठ दिसलं नाही म्हणून सोडून देऊ नका. पापडखार, खायचा सोडा, 'आयएनएस 621' नावाने येणारा अजिनोमोटो, सगळ्यांत सोडियम असतं.

साखरेला चारने भागा. सपाट चमचाभर साखर साधारण 4 ग्रॅम. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीत 100 ग्रॅमला 32 ग्रॅम साखर असेल आणि दोन वेळचे मिळून 40 ग्रॅम पावडर जात असेल, तर दिवसाला तीन चमचे साखर झाली. आमच्याकडे आई त्यावर आणखी एक चमचा घालायची, 'पावडर पौष्टिक आहे, पण गोड नाही' म्हणून.

घटकांची यादीही पाहून घ्या. ज्याचं वजन जास्त ते आधी, असा तिचा क्रम असतो. गव्हाच्या बिस्किटात मैदा पहिला आला तर समजून जा. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही सगळी साखरेचीच भावंडं. वेगवेगळ्या नावांनी लिहिली की एकेक खाली सरकते, म्हणून त्यांची मनात बेरीज करा.

चिठ्ठी डब्याला लावा. ही पायरी गाळू नका. पाकीट कचऱ्यात गेलं की आकडेही जातात. कागदी चिकटपट्टीवर मराठीत, ठळक लिहा: 'एक वाटी = पाव चमचा मीठ'. ग्रॅम लिहू नका. आईला ग्रॅमचं काही वाटत नव्हतं, पण पाव चमचा मीठ म्हटल्यावर तिने ते तळहातावर ओतून पाहिलं. बाबांची दुसरी वाटी तिनेच बंद केली. आता संध्याकाळी बाबा भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे खातात.

दुकानात दोन पाकिटांत निवड करतानाही 100 ग्रॅमचाच रकाना शेजारी-शेजारी धरा. पाकिटांची वजनं वेगळी असली तरी तुलना बरोबर होते.

एवढा खटाटोप ग्राहकाला करावा लागू नये, असं मला मनापासून वाटतं. चिलीमध्ये 2016 पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर समोरच काळा अष्टकोन छापतात. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै 2024 मध्ये साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅटचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापायच्या प्रस्तावाला मान्यता दिली. पाकिटावरचा दावा आणि मागचे आकडे जुळत नसतील तर दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच क्रमांक आणि 14 आकडी परवाना क्रमांक जपून ठेवा आणि प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करा.